लातूरच्या उन्हाळ्यात चिकटणारी मॅट : एका टर्नटेबलचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मामांच्या टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचं आहे. मामा लातूरला असतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले. नोकरीत बदली होईल त्या गावी त्यांनी रेकॉर्डी जमवल्या. नाट्यसंगीत, अभंग, थोड्या गझला आणि बरंचसं शास्त्रीय, अशा शंभर-सव्वाशे तबकड्या आजही त्यांच्या कपाटात उभ्या लावलेल्या आहेत. जुना प्लेअर कधीच मोडीत गेला होता. एका गणपतीत त्यांच्या मुलाने पुण्याहून नवा टर्नटेबल आणला: बेल्टवर फिरणारा, ओतीव ॲल्युमिनियमच्या थाळीचा, मधल्या किमतीचा. थाळीवर, रेकॉर्डच्या खाली, काळ्या फेल्टची (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची) ३ मिमी जाडीची मॅट होती. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत कुणाला कसलीच अडचण आली नाही.

तक्रार एप्रिलमध्ये आली. मामांचा फोन होता. "अरे, रेकॉर्ड उचलली की मॅट बी सोबतच यायलीय. अर्ध्यावर आली की सुटून पडायलीय. काल सुईवर पडता पडता वाचली."

एवढीच गोष्ट असती तर फोनवरच मिटली असती. पण त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. चांगल्या, स्वच्छ धुतलेल्या रेकॉर्डीतूनही मध्येच चट् चट् असा आवाज येतो, आणि शांत जागी, विशेषतः तानपुऱ्याच्या सुरुवातीला, खाली कुठेतरी घरघर जाणवते. मुलाने त्यांना फोनवर सुचवलं होतं की चांगली महागडी मॅट मागवा, आवाजच बदलून जाईल. मामांना पैशांची अडचण नव्हती. त्यांना आधी कारण कळायला हवं होतं, आणि मलाही. शनिवारी सकाळी संभाजीनगरहून बसने निघालो.

घरघर आधी वेगळी काढली

तिन्ही तक्रारींना एकच औषध असेल असं मला वाटत नव्हतं. म्हणून सुई वर उचललेली ठेवून, मोटर बंद करून ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला. घरघर तशीच. म्हणजे थाळी, मॅट, रेकॉर्ड यांचा तिच्याशी संबंध नाही. टर्नटेबलच्या मागची बारीक अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली नीट दाबलेली नव्हती, वायसर गंजला होता. घासून घट्ट केला आणि घरघर गेली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा गुणगुणाट ५० किंवा १०० हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या आसपास घोटाळतो. कितीही भारी मॅट आणली असती तरी तो हलला नसता. हे इतकं सविस्तर लिहितोय कारण मॅट विकत घेण्याआधी करायची ही पहिली तपासणी आहे, आणि बहुतेकजण ती करत नाहीत.

मग टिचकीची परीक्षा घेतली. मोटर बंद, थाळीवर थांबलेली रेकॉर्ड, तिच्यावर सुई अलगद टेकवलेली, आवाज मध्यमापेक्षा कमी. नखाने थाळीच्या कडेला टिचकी मारायची आणि स्पीकरमधून काय येतं ते ऐकायचं. फेल्टवर 'टण्' असा आवाज आला आणि त्यामागे छोटीशी शेपटी. ओतीव ॲल्युमिनियमची थाळी घंटेसारखी थोडी वाजतेच. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये सुईची आडवी हालचाल जशी आवाज होते तशी खाली-वरची हालचालही होते, म्हणून थाळीची थरथर थेट कानापर्यंत पोचते. फेल्ट हलकं आणि विरळ असतं, ती थरथर ते फारशी गिळत नाही. हा दोष होता, पण मामांना त्रास होत होता तो याचा नव्हता.

कूलर

मॅट चिकटण्याचं कोडं मामींनी सोडवलं. चहा देताना त्या सहज म्हणाल्या, "सकाळी कूलर चालू असला की यांचं काही चिकटत नाही. दुपारी पाणी संपलं की सुरू होतं बघा."

मी सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ नेलं होतं. कूलर बंद, दुपारचे तीन, खिडक्या उघड्या: १८ टक्के. कूलर दोन तास चालल्यावर त्याच खोलीत ५२. पहिल्या वेळी रेकॉर्ड उचलली तर मॅट बरोबर आली, दुसऱ्या वेळी नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, सारखंच घडलं.

कारण साधं आहे. रेकॉर्ड पीव्हीसीची असते आणि पीव्हीसी दुसऱ्या वस्तूला टेकून सुटली की ऋण भार घेण्याकडे तिचा जोरदार ओढा असतो. लोकर त्याच्या अगदी उलट, ती धन भाराकडे जाते. दोघींना एकमेकींवर ठेवायचं, फिरवायचं आणि उचलायचं म्हणजे मुद्दाम स्थिर वीज तयार करण्यासारखं आहे. हवेत ओल असेल तर पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून तो भार हळूहळू निसटून जातो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो जागेवरच बसून राहतो, मॅटला धरून ठेवतो, आणि मध्येच सुटला की सुईतून चट् असा आवाज येतो. मॅटचं फेल्ट खरंच लोकरीचं आहे का, हे मामांनीच पडताळलं. कडेचा एक तंतू ओढून काडीपेटीवर धरला. जळक्या केसांचा वास आला, वितळून मणी झाला नाही. लोकरच.

युरोपातल्या बऱ्याच चांगल्या टर्नटेबलांवर फेल्टच असतं, आणि हवा कोरडी असली की तिथेही ही तक्रार होते. इथे आणखी एक भर पडते ती फुफाट्याची. दारातून येणारी बारीक धूळ फेल्टमध्ये मुरते, भारलेली रेकॉर्ड ती ओढून घेते, आणि दुसरी बाजू लावली की तीच धूळ सुईखाली येते. मामांच्या मॅटवरून मी ओला कपडा फिरवला तर तो मातकट झाला.

आता कूलर कायम चालू ठेवा, असं सांगता आलं असतं. पण ज्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तिथे रेकॉर्ड चिकटू नये म्हणून कूलरमध्ये बादल्या ओतायला मामा तयार होणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी विचारलंही नाही.

घरात जे होतं ते

मॅट बदलायची ठरली. आधी घरातच पाहिलं. मामांना घोंगडीची चकती सुचली. माळ्यावर धनगरी विणीची जुनी घोंगडी होती आणि मामींनी तिचा फाटका कोपरा कापायला दिला. दिसायला इतकी सुंदर चकती मी कुठल्याच टर्नटेबलवर पाहिलेली नाही. पण तीही लोकरच. चिकटणं वाढलं, कुसळासारखे राठ केस रेकॉर्डवर उभे राहिले, आणि जाडी ७ मिमी भरली.

जाडीचा मुद्दा इथे समजून घ्यायला हवा, कारण मॅट विकत घेताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सुईचा आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, रेकॉर्डला समांतर राहायला हवा. साधारण ९ इंची आर्मची, म्हणजे टेकूपासून सुईपर्यंत सुमारे २३० मिमी लांबीच्या आर्मची, पुढची बाजू ४ मिमी वर गेली की तो एक अंशाने तिरपा होतो. घोंगडीने नेमकं तेच केलं. काही टर्नटेबलांवर आर्मचा पायाच वर-खाली करता येतो. मामांच्या यंत्रात ती सोय नव्हती. मी जुन्या पोस्टकार्डावर आडव्या रेघा मारून ते आर्मच्या मागे उभं धरलं. फेल्टच्या ३ मिमीवर आर्म रेघेला बरोबर समांतर होता. म्हणजे नवी मॅट काहीही असो, ३ मिमीचीच लागणार. अर्ध्या मिलिमीटरची चिंता करू नये, कारण पातळ आणि जाड रेकॉर्डीतच एवढा फरक असतो. पण ५-६ मिमीची 'प्रीमियम' मॅट या यंत्रावर चुकीची ठरली असती.

दुसरा प्रयोग ट्रकच्या जुन्या ट्यूबचा. तो लगेच सोडला. ट्यूबचं रबर मुळातच वाकलेलं असतं, सपाट बसत नाही, आणि त्याचा वास खोलीभर झाला. कातड्याचा तुकडाही चप्पलवाल्याकडून आणला, २ मिमीचा, गुळगुळीत. तो कोरड्या हवेत छान वागला आणि चिकटलाही नाही. तरी पावसाळ्यात कातडं ओल धरून कडेने वर उचललं जाईल अशी मला धास्ती होती. तो तुकडा मी मुद्दाम जपून ठेवला. पुढे तो कामाला आला.

गॅस्केट

रबर घ्यावं की कॉर्क, यावर आम्ही दुपारभर बोलत होतो. रबराची मॅट वाईट नसते. जाड, वजनदार रबराने थाळीचं वाजणं चांगलं दबतं आणि रेकॉर्ड घट्ट धरून राहते. पण २९५ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची चकती म्हणजे सुमारे २०५ घनसेंटीमीटर रबर. साधं काळं रबर पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे वजन पाव किलोच्या पुढे जातं. फेल्ट त्याच्या पाव-चतकोर. छोट्या मोटरच्या बेल्टच्या यंत्राला सुरुवातीला ते ओढायला जरा जास्त वेळ लागतो. चालत नाही असं नाही.

कॉर्क म्हणजे एका प्रकारच्या ओक झाडाची साल, आणि जगातला सगळ्यात जास्त कॉर्क पोर्तुगालमधून येतो. हलका, किंचित दबणारा, आणि स्थिर विजेच्या बाबतीत लोकरीसारखा टोकाचा नाही. नुसत्या कॉर्कचे दाणे मात्र सुटतात. म्हणून कॉर्क आणि रबर मिसळून केलेलं शीट जास्त बरं. ऑनलाइन अशा मॅटी होत्या, हजाराच्या पुढे. मी मोबाइलवर फोटो दाखवला आणि मामा एकदम हसले.

"हे? हे तर आपल्या ट्रान्सफॉर्मरचं गॅस्केट हाय की! सारी जिंदगी हेच कापलंय मी."

बरोबर होतं. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचं झाकण तेल गळू नये म्हणून बसवतात तिथे रबर-कॉर्कचंच शीट लागतं, वेगवेगळ्या जाडीत मिळतं, आणि ज्या शहरात ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होतात तिथे ते विकणारं दुकान असतंच. लातूरला मामांना ते डोळे मिटून सापडलं. कोरं शीट, १ मिमी आणि २ मिमी, दोन्हींचा एकेक तुकडा. दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत. एक सावधगिरी मामांनी स्वतःहून सांगितली, ती इथे नोंदवतो: कुणी दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून उतरवलेलं जुनं गॅस्केट फुकट देत असेल तरी घ्यायचं नाही. त्यात तेल मुरलेलं असतं, आणि फार जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात.

कापणी

३ मिमीचं एकच शीट न घेता १ आणि २ का घेतलं? रेकॉर्ड सगळीकडे सारख्या जाडीची नसते. मधला लेबलचा भाग, सुमारे १०० मिमीचा, खोबणीच्या भागापेक्षा जाड असतो. कडेलाही उंचवटा असतो. अगदी सपाट आणि टणक मॅटवर रेकॉर्ड लेबलवर आणि कडेवर टेकते, खोबणी मध्ये अधांतरी राहते. म्हणून खाली २ मिमीची पूर्ण चकती आणि वर १ मिमीचं कडं, मध्ये १०५ मिमीचं भोक असलेलं. लेबल त्या खोलगटात बसतं. व्यास २९५ मिमी ठेवला, कारण रेकॉर्ड ३०० मिमीच्या किंचित पुढे असते आणि त्यामुळे कडेचा उंचवटा मॅटच्या बाहेर राहतो.

शीट गुंडाळलेलं आलं होतं, त्यामुळे वाकलेलं. चार दिवस गादीखाली सपाट ठेवलं. मी तोवर परत आलो होतो, पुढचं काम मामांनी केलं आणि रोज फोनवर सांगितलं. आधी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून थाळीवर बसवून पाहिला. मग शीटवर मध्याचं भोक. टर्नटेबलची मधली खुंटी ७ मिमीच्या जरा पुढे असते, म्हणून साडेसातचा पोकळ पंच हातोडीने एका फटक्यात मारला. भोक आधी, वर्तुळ नंतर. हा क्रम उलटा केला की मध्य चुकतो आणि मॅट लंगडत फिरते. वर्तुळासाठी लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा, तिथून १४७.५ मिमीवर ब्लेड. शीटखाली प्लाय. एकदाच जोर न लावता सात-आठ हलके फेरे. मामांचा हात गॅस्केट कापून तयार झालेला. कडा अशी आली की मशीनने कापल्यासारखी.

दोन थर चिकटवायला पंक्चरचं सोल्युशन वापरलं. दोन्ही बाजूंना अगदी पातळ हात, दहा मिनिटं सुकू द्यायचं, मग चकती आणि कडं यांच्या बाहेरच्या कडा जुळवून वरून खाली दाबत जोडायचं. रात्रभर काच आणि वर ज्ञानकोशाचे खंड. सकाळी कडांवर बारीक काचकागद फिरवून, ओल्या कपड्याने तीनदा पुसून, एक दिवस वाऱ्यावर ठेवली, रबराचा वास जाईपर्यंत.

नंतर

मे महिन्याच्या मध्यावर मी पुन्हा लातूरला गेलो. दुपार, कूलर बंद, घड्याळात १६ टक्के. मामांनी रेकॉर्ड उचलली, मॅट थाळीवरच राहिली. वीसदा केलं, वीसदा राहिली. पाणसळ थाळीवर ठेवून पाहिली, सपाट. पोस्टकार्डाच्या रेघेला आर्म समांतर. टिचकीला आता कोरडं 'टक्' आणि मागे शेपटी नाही.

चट् चट् कमी झालं, संपलं नाही. मॅट बदलल्याने रेकॉर्डचा भार शून्य होत नाही. कागदी कव्हरमधून काढतानाच ती भारलेली येते. त्यावर उपाय मॅट नसून कार्बन ब्रश, म्हणजे रेकॉर्डवर टेकवायचा कार्बनच्या बारीक तंतूंचा ब्रश आहे, आणि त्यात कॉर्कचा एक फायदा दिसला जो मी धरलाच नव्हता. फेल्टवर फिरत्या रेकॉर्डला ब्रश टेकवला की ती घसरून थबकायची. डीजे लोक फेल्ट वापरतात तेच यासाठी, त्यांना रेकॉर्ड हाताने धरायची असते आणि थाळी खाली फिरत राहायला हवी असते. मामांना ते नकोच होतं. रबर-कॉर्कवर रेकॉर्ड घट्ट बसते, ब्रश नीट फिरतो, धूळ खरंच निघते.

आवाज बदलला का? मामांना पाठ करून बसवलं आणि मी फेल्ट आणि कॉर्क आलटून-पालटून लावून एकच तुकडा दहा वेळा वाजवला. सहा वेळा त्यांनी बरोबर ओळखलं, चार वेळा चुकले. माझी पाळी आली तेव्हा मी पाचच ओळखले. म्हणजे अंदाजपंचे. टिचकीत फरक उघड ऐकू येत होता, गाण्यात आम्हा दोघांना तो पकडता आला नाही. मॅटने आवाजाचा कायापालट होतो असं मी कुणाला सांगणार नाही. मामांच्या घरी तिने चिकटणं थांबवलं, धूळ कमी केली, रेकॉर्ड धरून ठेवली आणि आर्मची उंची बिघडवली नाही. यासाठी ती करण्यासारखी होती.

ऑगस्टमध्ये मामांना कपाटातला कातड्याचा तुकडा काढायला सांगितला. कडेने दोन ठिकाणी वर आला होता, पापडासारखा. कॉर्क सपाटच होता. फेल्टची मॅट धुऊन पिशवीत ठेवलीय, फेकलेली नाही. पावसाळ्यात ती हवी तर चालेल, पण मामा आता बदलत नाहीत.

उरलेल्या शीटमध्ये आणखी एक चकती निघते. उदगीरच्या एका स्नेह्यांना ती हवी होती, त्यांनी घाईने सांगितलं, तशीच कापून ठेवा. मामांनी त्यांना आधी पोस्टकार्ड धरायला लावलं. त्यांच्या थाळीला कडेला काठ निघाला, आतला व्यास २८६ मिमी, आणि मूळची मॅट रबराची, ५ मिमी जाडीची. आता मामा २ मिमीचा आणखी एक तुकडा आणायला त्याच दुकानात जाणार आहेत.